कौलांतून वर आलेली खोली

आगोट, म्हणजे पावसाचं तोंड, जवळ आली की आमच्या कडावच्या रस्त्यावर निळं प्लास्टिक दिसायला लागतं. दुकानांबाहेर त्याच्या गुंडाळ्या उभ्या असतात आणि माणसं दोन बोटांत धरून त्याची जाडी चाचपून बघतात. परवा मीही तशीच उभी होते, सरपणावर टाकायला हवं होतं म्हणून. दुकानदार मापून कापत होता आणि माझी मान आपोआप वर गेली. वर काय दिसणार? समोरच्या इमारतीची गॅलरी आणि तिच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी. पण या दिवसांत वर बघायची सवय अजून मोडलेली नाही.

आमच्या वेळी या दिवसांत निम्मं गाव छपरावर असायचं. वैशाख सरत आला की घराघरावर कुणीतरी चढलेलं दिसे. कौलं काढायची, झाडायची, फुटकी बाजूला टाकायची, बाकीची पुन्हा बसवायची. या छपरावरचा माणूस त्या छपरावरच्या माणसाला बियाण्याचं विचारी, पावण्यारावळ्यांचं विचारी. खाली आम्ही बायका डोळ्यांत पडणारी धूळ चुकवत कौलं वर देत असू. कौलावर कौल बसताना एक कोरडा, पोकळ आवाज होतो. तो दिवसभर गावातून येत राहायचा, आणि संध्याकाळी थांबला की कान एकदम रिकामे वाटायचे.

अशा कितीतरी आगोटी गेल्या. पण त्यातली एकच माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे, आणि ती आठवली की आजही छाती हलकी होते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. माझं लग्न होऊन दोन-एक वर्षंच झाली होती. मी नेरळची. इथे आले तेव्हा घरात तीन माणसं होती. सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणे. माझे यजमान, ते खोपोलीला कारखान्यात जायचे. आणि त्यांची थोरली बहीण, ताराताई. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

ताराताईला लोधिवलीला दिली होती. तिला दमा होता. सासरी पहिल्याच पावसाळ्यात तो असा उसळला की तिचा नवरा तिला घेऊन माहेरी आला आणि औषधपाणी करा, बरी झाली की घेऊन जातो, असं सांगून परत गेला. मग तो आला नाही. निरोपही आला नाही. मी या घरात आले तोवर त्या गोष्टीला काही वर्षं होऊन गेली होती. तरी ताराताईचे कपडे खुंटीवर नसत, ट्रंकेत असत. दिवाळी जवळ आली की नाना तिला ट्रंक उन्हात ठेवून कपड्यांच्या घड्या नीट करायला सांगत. कामात असतील, येतील, असं म्हणत. ती घड्या करी. पाहुणीसारखी राहायची ती स्वतःच्या घरात. ताटात काय वाढलं ते खायची, कुठली वस्तू इकडची तिकडे करायची नाही.

आमचं घर तसं ऐसपैस होतं, पण खाली सगळा अंधार. जाड दगडी भिंती, हातभर खिडक्या. मागच्या बाजूला चूल, तिचा धूर आधी माळ्यावर जायचा आणि मग सावकाश घरभर उतरायचा. पावसात भिंतींना ओल धरे. नाकाला कुबट वास सवयीचा होऊन जाई. आम्हांला ते कळायचंही नाही. ताराताईला मात्र मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत प्रत्येक श्वास ओढून आणावा लागे. माझ्या कानांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की मी भाकरी थापताना एक कान तिच्याकडे ठेवून थापत असे. शिट्टीसारखा बारीक आवाज. तो वाढला की हात थांबायचे.

आदल्या वर्षीच्या आषाढात एकदा दिवसाढवळ्या तिचे ओठ निळे पडले. ओटीवरच्या खांबाला टेकून ती बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत वर चढत होते. कर्जतला न्यायचं म्हटलं तर रस्त्यातल्या मोरीवरून पाणी चाललेलं. हे कामावर होते. मी आणि नाना दोघंच. नाना तिच्या पाठीवरून हात फिरवत बाहेर पाण्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. पाणी ओसरल्यावर तिला एका दुधाच्या टेंपोत घालून नेलं. ती वाचली. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, औषध मी देईन, पण या बाईला धुरातून आणि ओलीतून बाहेर काढा. उंचावर ठेवा, कोरड्या जागी, मोठ्या खिडकीपाशी. नाहीतर दर पावसाळा असाच जाणार, आणि एखादा जाणार नाही.

उंचावर म्हणजे आमच्याकडे माळा. तिथे भाताच्या कणग्या, जुने नांगर आणि काळोख. वाकून चालावं लागे, आणि दुपारी कौलांखाली भट्टी पेटलेली असे.

युक्ती ह्यांना सुचली. खोपोलीला साहेबलोकांच्या एका जुन्या बंगल्यावर त्यांनी तसं पाहिलं होतं. उतरत्या छपराचा मधलाच एक तुकडा काढून घ्यायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उचलायच्या, पुढे उभी खिडकी बसवायची आणि वर लहानसा सपाट स्लॅब टाकायचा. छपरानं एक डोळा उघडल्यासारखं दिसतं. त्यांनी कोळशानं ओटीच्या जमिनीवर चित्र काढून दाखवलं. माणूस ताठ उभा राहील एवढी उंची, खाट मावेल एवढी जागा. मागच्या अंगाला चुलीचा धूर, म्हणून ही खोली पुढच्या अंगाला काढायची, रस्त्याकडे तोंड करून. वारा सरळ शेतांवरून आत येईल.

नाना नाही म्हणाले. कौलारू छपराला भोक पाडलं की ते कधी बुजत नाही, असं म्हणाले. कौल आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, त्या सांध्यातून पाणी येणारच, खालचं भात कुजेल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे पाऊस पडतो म्हणजे कसा पडतो ते त्यांना ठाऊक होतं. हे समजावत राहिले, नाना मान हलवत राहिले. असे बरेच दिवस गेले. सांध्याचं उत्तर मिळालं की नाना भिंतीचा प्रश्न काढत, भिंतीचं उत्तर मिळालं की लाकडाचा. शेवटी ते म्हणाले, करायचंच असेल तर मागच्या बाजूला करा, पुढे नको.

मागे धूर आहे, हे ह्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा नानांच्या तोंडून खरं काय ते आलं.

"पुडं खोली काडली तर जानारा-येनारा बघंल," ते म्हणाले. "लोधिवलीला कळंल. त्यांना वाटंल, आमी पोरीला कायमची ठेवून घेतली. मग ते कशाला येतील रं?"

 मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला तोवर वाटत होतं की म्हातारा छपरासाठी हट्ट करतोय. ताराताई सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. तिला बोलायला वेळ लागायचा, एकेका वाक्याला श्वास गोळा करावा लागे.

"नाना," ती म्हणाली, "मी वाट बघायची कवाच सोडली. तुमीच बघताय."

नाना उठून गोठ्याकडे गेले. जेवायला आले, पण मान खाली घालून जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालायला बाहेर आले तर शिडी लावलेली, आणि नाना पुढच्या अंगाला छपरावर बसलेले. ते कौलं काढत होते. दर आगोटीला परतायला काढतात तशी एकेक ओळ करून नव्हे, मधला चौकोनच मोकळा करत होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई, ह्याला उठीव. कौलं घ्यायला मानूस नाय हितं."

माळ्यावर प्रथम ऊन पडलं ते मी वर जाऊन पाहिलं. इतकी वर्षं अंधारात असलेली जागा कशी लाजल्यासारखी दिसते. कोळिष्टकं, पालीची अंडी, कुणाच्या तरी बारशाला आणलेला पाळणा. धुळीचा एक खांब उन्हात उभा होता. मी वर बघितलं, तर वर निळं आभाळ होतं आणि एक घार. आपल्याच घरात उभं राहून घार बघायची गंमत वाटली, आणि भीतीही. पाऊस यायला फार दिवस नव्हते आणि आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं.

रघू नावाचा गवंडी कर्जतहून यायचा. बोलका, देखणा, स्वतःच्या कामावर भारी खूश. त्यानं वासे कापले, कापल्या जागी आडवं लाकूड देऊन बाकीचं छप्पर त्याच्यावर तोललं, आणि पुढची दगडी भिंत एवढी जाड आहे की हिच्यावर आणखी एक घर बसेल असं जाहीर केलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. ते येईपर्यंत आम्ही सगळे रोज आभाळाकडे बघून घ्यायचो. जाणारे-येणारे खरोखरच थांबत. घराला टोपी घालताय का, असं विचारत. शेजारची काशीकाकू तर रोज एकदा अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून बघून जाई. नाना सगळ्यांना माळ्याला उजेड नव्हता म्हणून सांगत. तेवढंच. ताराताईचं नाव घेत नसत.

स्लॅब टाकला त्या दिवशी मी आल्याचा चहा किती वेळा केला कोण जाणे. एवढासा स्लॅब, पण घमेली वर चढवायला शेजारपाजारचे सगळे आले. काम उरकल्यावर रघूनं कडेनं मातीचा बांध घातला आणि आत पाणी भरून ठेवायला सांगितलं. पाणी आटू द्यायचं नाही, नाहीतर तडा जाईल.

तो आठवडा माझ्या आवडीचा. जेठाच्या तोंडाशी विहिरी तळाला गेलेल्या, आणि आम्ही पोहरा पोहरा पाणी शेंदून छपरावर तळं सांभाळत होतो. गावातल्या पाखरांना त्याचा पत्ता पहिल्याच सकाळी लागला. चिमण्या, साळुंक्या, एक दयाळ. कावळे तर पंख उघडून आंघोळ करीत. नाना शिडीच्या वरच्या पायरीवर बसून त्यांना हाकलत, आणि मग हाकलायचं सोडून बघत बसत. ताराताई अंगणात खाटेवर असायची. तिला खालून पाखरं दिसत नसत, नुसते उडालेले थेंब दिसायचे. एकदा ती हसली. माझ्या लग्नानंतर मी तिला प्रथम हसताना पाहिली ती तेव्हा.

टेकू निघाले, खिडकी बसली, आतून फळ्यांचा आडोसा करून धूर अडवला. चढायला सोपा जिना केला, कठड्यासकट. ताराताई एकेका पायरीवर थांबत वर गेली. माझ्या हातात तिची ट्रंक होती. तिनं ती उघडली आणि एकेक पातळ काढून भिंतीतल्या खुंट्यांवर टाकलं. रिकामी ट्रंक मला परत देऊन म्हणाली, "ही खाली ने. हिच्यात गोधड्या ठेव."

पाऊस आला तो रात्रंदिवस आला. चार दिवस सांध्यानं दम धरला. पाचव्या सकाळी ताराताईच्या खाटेशेजारी थेंब पडायला लागले, मग धार. भिंतीवरून ओल उतरू लागली.  रघूला निरोप धाडला, तर तो कर्जतला अडकलेला. हे कामावर. मला वाटलं, झालं, आता नाना म्हणणार, मी सांगितलं होतं. त्यांना तसं म्हणायचा हक्कही होता.

 नाना वर आले आणि धार कुठून येते ते त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. मग खाली जाऊन तेलाचा रिकामा डबा घेऊन आले, तो कापून, ठोकून त्याचा लांब पत्रा केला. डांबर तापवलं. डोक्यावर इरलं घेऊन हा साठीचा माणूस भर पावसात त्या निसरड्या कौलांवर चढला. स्लॅबच्या मागे वरच्या छपराचं पाणी येऊन साचत होतं. त्यांनी वरची कौलं उचलून पत्रा त्यांच्या खाली सरकवला आणि पुढे स्लॅबवर वाकवून डांबरात बसवला. मी खिडकीतून हात बाहेर काढून डांबराचं भांडं धरलं होतं. पावसाचे थेंब त्यात पडून चुरचुरत होते. माझ्यामागे ताराताई भिंतीला टेकून उभी होती. तिचा श्वास वाढला होता, पण तो भीतीनं.  नाना चिंब भिजून आत आले, तेव्हा तिनं आपल्या पदरानं त्यांचं डोकं पुसलं. ते लहान मुलासारखे मान पुढे करून बसले.

थेंब थांबले. तरी त्यानंतरचे कितीतरी दिवस आम्ही येता-जाता त्या कोपऱ्याला हात लावून पाहायचो. कोरडा असायचा.

आषाढातली एक दुपार. बाहेर पाऊस कोसळत होता, समोरच्या खाचरांत लावणी चाललेली, बायकांची गाणी पावसातून तुटक तुटक येत होती. मी चुलीशी होते. काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं, काय ते कळेना. मग ध्यानात आलं की कानांना तो आवाज लागत नाहीये. शिट्टीसारखा तो बारीक आवाज.  तवा तसाच टाकून मी जिना चढले. ताराताई खाटेवर आडवी होती. सपाट, उशीवर गाल ठेवून. पावसाळ्यात मी तिला आडवी झालेली कधी पाहिली नव्हती, ती बसूनच झोपायची. मी जवळ गेले. तिचं तोंड मिटलेलं होतं. नाकानं श्वास घेत होती. खिडकीतून गार वारा येत होता आणि तिच्या कपाळावरचे केस हलत होते. मी तिथेच जमिनीवर बसले. खाली भाकरी करपल्याचा वास आला तरी उठले नाही.

सगळं एकदम नीट झालं असं नाही. श्रावणात तिला एकदा जोराचा झटका आला, औषधं चालूच होती, पुढेही राहिली. पण ओठ निळे झाले नाहीत. आता ती ऐंशीला टेकली आहे. जिना चढवत नाही म्हणून खाली झोपते. दम्याचं नाव काढलं तर म्हणते, त्याला मी म्हातारा केला. अंगणात बसून नातवंडांवर डाफरते, श्वास न ओढता. घराची कौलं गेली, पत्रे आले. ती खोली तशीच आहे, आमचा धाकटा तिथे अभ्यास करून इंजिनियर झाला.

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या भाद्रपदाचं. गौरी-गणपती होऊन गेले होते. दुपारच्या एस्टीनं लोधिवलीचे पाहुणे आले. म्हणजे ताराताईचा नवरा. मी त्याला प्रथमच पाहत होते. साधा, थकलेला माणूस. टोपी हातात घेऊन ओटीवर बसला. त्याची आई आजारी होती, घरात करायला कुणी नव्हतं. तारा बरी झाल्याचं कानावर आलं, म्हणून न्यायला आलो, असं तो म्हणाला. हे घरीच होते, त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. पण बोलायचं ते नानांनी. ज्या माणसाची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली तो समोर बसला होता.

 मला पुन्हा ती ट्रंक दिसायला लागली. मग नानांनी वरच्या दिशेनं हाक मारली, "तारे, खाली ये गं."

पाहुण्याच्या चेहऱ्यावर जरा धीर आला. तेव्हा नाना त्याला म्हणाले, "मी तिला इचारायला बोलावलीय. पाठवायला नाय."

ताराताई जिना उतरून आली. न थांबता आली. खांबाजवळ उभी राहिली आणि त्याचं म्हणणं तिनं पुरतं ऐकून घेतलं. आईला काय होतंय तेही विचारलं, कर्जतच्या त्या डॉक्टरचा पत्ता सांगितला. मग म्हणाली, "मी येनार नाय. हितं मला श्वास घेता येतो."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी चहा आणला, तो त्यानं घेतला. जाताना अंगणातून त्यानं मागे वळून वर बघितलं, आणि नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, हे नवीन काढलंय वाटतं?

"आमच्या ताराची खोली हाय ती," नाना म्हणाले. छत्री घेऊन ते त्याला एस्टीपर्यंत पोचवायला गेले.

परत आले आणि बसल्या बसल्या बाकावर आडवे झाले. नानांना दुपारी झोपायची सवय नव्हती. हे ओटीवरच भिंतीला पाठ लावून बसले होते, त्यांची मान हळूहळू कलली. मी म्हटलं, घटकाभर पडावं. वर गेले तर ताराताई आधीच झोपलेली. मी तिच्या खाटेशेजारी चटई टाकली.

जाग आली ती म्हशींच्या हंबरण्यानं. सगळं घर एकदम धडपडत उठलं. उन्हं पार खाली गेली होती, धारा काढायची वेळ केव्हाच टळली होती. नाना कासंडी शोधत गोठ्याकडे धावले, पण डेअरीचा टेंपो निघून गेला होता. सबंध घागर दूध घरात राहिलं. नाना ओशाळून म्हणाले, ह्याचं आता काय करायचं? मी चुलीवर मोठ्या पातेल्यात दूध चढवलं, मूठभर तांदूळ धुऊन खिरीसाठी त्यात टाकले आणि काशीकाकूला हाक मारली, जेवायला ये म्हणून.